कथेतली जागा आणि कथेतली माणसं वर्गात कशी वाचावीत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अभिजात कथा शिकवणारे शिक्षक, त्या अभ्यासणारे विद्यार्थी आणि अधूनमधून त्यांचे पालक मला जे प्रश्न सतत पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं मुद्दाम मोजक्याच कथांमधून घेतली आहेत. एकच कथा दोन-तीन प्रश्नांच्या बाजूने पाहिली की जास्त कळते, असा माझा अनुभव आहे. कथांचे शेवट खाली उघड केले आहेत, तेव्हा एखादी वाचायची राहिली असेल तर आधी ती वाचा.

1. स्थळ-काळ म्हणजे कथा कुठे आणि कधी घडते एवढंच ना?

तेवढंच धरलं तर एका ओळीत उत्तर संपतं आणि मुलांच्या हाती काही लागत नाही. गाव, वर्ष, ऋतू, दिवसाची वेळ हे सगळं त्यात येतंच. पण कुणाकडे किती पैसा आहे, कोण कुणाशी कसं बोलू शकतं, कशाची लाज वाटते आणि कशाची वाटत नाही, हेही त्यातच येतं. ओ. हेन्रीच्या 'गिफ्ट ऑफ द मॅजाय'मध्ये (1905) डेलाकडे 1 डॉलर 87 सेंट आहेत आणि त्यातले 60 सेंट तर पेनींच्या चिल्लरमध्ये. बिऱ्हाडाचं भाडं आठवड्याला 8 डॉलर. खाली एक टपालपेटी आहे, जिच्यात एकही पत्र जाऊ शकत नाही. शहराचं वर्णन जवळजवळ नाहीच, तरी या तीन तपशिलांतून आपण त्या घरात उभे राहतो.

वातावरण ही यापुढची गोष्ट. स्थळ-काळ लेखक मांडतो, आणि त्यातून वाचकाच्या मनात जे दाटून येतं ते वातावरण. मुलं हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरतात. सुरुवातीलाच वेगळे करून द्या.

2. पात्र आणि व्यक्तिरेखाटन यांत फरक काय?

पात्र म्हणजे कथेतला माणूस. तो माणूस आपल्याला कळावा म्हणून लेखक जे जे करतो ते व्यक्तिरेखाटन. निवेदक कधी थेट सांगून टाकतो की हा माणूस असा आहे. बाकीच्या वेळी बोलणं, कृती, मनातले विचार, दिसणं आणि इतरांचं त्याच्याशी वागणं यांतून आपल्याला ताडावं लागतं. मी यात आणखी एक धरते: ते पात्र आजूबाजूचं काय बघतं आणि काय त्याच्या नजरेतून सुटतं. त्याबद्दल प्रश्न 5 मध्ये सविस्तर लिहिलं आहे.

3. सुरुवात कुठून करावी? पहिल्या वाचनातच मुलांना मुद्दे काढायला सांगू का?

नको. पहिलं वाचन अखंड होऊ द्या, शक्य असेल तर मोठ्याने. एडगर ॲलन पोने 1842 मध्येच लिहून ठेवलं आहे की कथा एका बैठकीत वाचून व्हावी, मध्ये खंड पडला की तिचा एकसंध परिणाम विस्कटतो. दर परिच्छेदाला थांबून 'यातून काय दिसतं?' विचारणं म्हणजे तो परिणाम आपल्याच हाताने मोडणं.

वाचून झालं की मी एकच प्रश्न विचारते: कुठली वस्तू लक्षात राहिली? माणूस नाही, प्रसंग नाही, वस्तू. सगळ्या वस्तू फळ्यावर लिहायच्या. रवींद्रनाथ टागोरांची 'काबुलीवाला' (1892) घेतली की थोड्याच वेळात कुणीतरी म्हणतं, 'तो कागद.' काबूलहून आलेला मेवाविक्रेता रहमत आतल्या खिशातून काढतो तो मळका, घडी घातलेला कागद. त्यावर त्याच्या लेकीच्या चिमुकल्या हाताचा ठसा आहे. फोटो नाही, चित्रही नाही, हाताला काजळी फासून उमटवलेला नुसता ठसा. मग विचारते, फोटो का नसेल? हा कागद खिशात इतका आत का? घडी किती वेळा उघडली असेल? पाच-दहा मिनिटांत मुलं त्या माणसाचा दूरचा मुलूख, गरिबी, वर्षानुवर्षांचा विरह आणि त्याने तो कसा जपला, हे सगळं स्वतःच बोलून जातात. स्थळ आणि स्वभाव हे शब्द मी तोवर उच्चारलेलेही नसतात.

4. मुलं उत्तरात विशेषणांची माळ लावतात: 'प्रेमळ, त्यागी, कष्टाळू, स्वाभिमानी'. यावर उपाय?

हा मला सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न आहे. माझ्या वर्गात एक नियम आहे: विशेषणाआधी क्रियापद. पात्राने काय केलं ते आधी लिहायचं, मगच ते कसं आहे ते.

मोपासाँच्या 'नेकलेस'मधला (1884) नवरा घ्या. मुलं लिहितात, 'लोइसेल हा प्रेमळ पती आहे.' मी म्हणते, ओळ दाखवा. बायको मातिल्दा मेजवानीला जाण्यासाठी पोशाखाकरता 400 फ्रँक मागते, ती जागा कुणीतरी काढतं. आता तिथे थांबायचं. त्याने नेमके तेवढेच पैसे बंदुकीसाठी बाजूला टाकले होते. उन्हाळ्यात मित्रांबरोबर शिकारीला जायचं होतं. आकडा ऐकून तो जरासा फिका पडतो, आणि मग हो म्हणतो. तो फिका पडणं मला फार मोलाचं वाटतं. पैसे हसत हसत दिले असते तर तो नुसता 'त्यागी' ठरला असता. फिका पडला म्हणून तो माणूस वाटतो.

इथे तीन प्रश्न वहीत लिहायला लावा. पात्राने काय केलं? केव्हा केलं? त्याऐवजी काय करू शकलं असतं? तिसऱ्याचं उत्तर लिहिताना मुलं खरा विचार करतात, कारण स्वभाव निवडीत दिसतो. पुढे त्या मेजवानीत बायको नाचत असते आणि हा मध्यरात्रीपासून एका छोट्या खोलीत आणखी तीन गृहस्थांबरोबर झोपलेला असतो. हेही क्रियापदच आहे. 'प्रेमळ' या शब्दात ते बसतं का, हे मुलांना ठरवू द्या.

5. स्थळ आणि पात्र वेगवेगळे शिकवावेत की एकत्र?

व्याख्या वेगळ्या द्या, वाचन एकत्रच करा. एका तासाला स्थळ, दुसऱ्या तासाला पात्र अशी वाटणी केली की स्थळाचा भूगोल होतो आणि पात्राचं प्रगतिपुस्तक.

मी वापरते ती कसोटी सोपी आहे. पात्र तेच ठेवा आणि जागा काढून घ्या. माणूस तसाच उरतो का? मग उलटं करा: जागा तीच ठेवून माणूस बदला.

दुसऱ्या खेळासाठी जॅक लंडनने तयार सामग्रीच ठेवली आहे. 'टू बिल्ड अ फायर' ही कथा त्याने दोनदा लिहिली. 1902 च्या रूपात नायकाला टॉम व्हिन्सेंट हे नाव आहे, सोबत कुत्रा नाही, आणि तो वाचतो. 1908 च्या प्रसिद्ध रूपात माणसाला नावच नाही, बरोबर कुत्रा आहे, आणि माणूस गोठून मरतो. बर्फाळ रान तेच, ओले झालेले पाय तेच, शेकोटी पेटवण्याची धडपडही तीच. मग फरक कशाने पडला? हा प्रश्न मी दोन तास चालू देते.

1908 च्या कथेत थंडी उणे 75 अंश फॅरनहाइट आहे, म्हणजे उणे 59 सेल्सिअसच्या आसपास. थुंकी खाली पडण्याआधी हवेतच तडकते. माणूस हे बघतो, आकड्याची नोंद घेतो आणि चालत राहतो. कुत्र्याला आकडा कळत नाही, पण तो अस्वस्थ आहे. जागा एकच, ती वाचणारे दोघे, आणि दोघांचं वाचन वेगळं. पुढे माणूस शेकोटी पेटवतो ती स्प्रूसच्या झाडाखाली, कारण तिथून काटक्या ओढून थेट आगीत टाकणं सोपं जातं. प्रत्येक काटकीबरोबर झाड थोडं हलतं, आणि शेवटी फांद्यांवरचा बर्फ शेकोटीवर कोसळतो. मुलांना विचारा, ही चूक जागेची की माणसाची? एक मुलगी म्हणाली होती, 'बाई, तो वर बघतच नाही.' अख्ख्या कथेत त्याची नजर पायाखालच्या बर्फावर आणि हातांवर असते, हे तिने मग ओळी मोजून दाखवलं. स्थळ आणि पात्र एकत्र वाचणं म्हणजे मला हेच अभिप्रेत आहे.

6. पाऊस म्हणजे दुःख, अंधार म्हणजे भीती असं लिहिलेलं चालेल का?

कधी चालतं, पण सूत्र म्हणून पाठ केलं की घात होतो. मनातल्या भावना निसर्गावर लादण्याच्या या सवयीवर जॉन रस्किनने 1856 मध्येच बोट ठेवलं होतं. आपल्या मुलांना चेतनगुणोक्ती अलंकार माहीत असतो, तिथून त्यांना हा मुद्दा चटकन समजतो.

सूत्र मोडायला केट शोपँची 'स्टोरी ऑफ ॲन अवर' (1894) घ्या. नवरा अपघातात गेल्याची बातमी आली आहे, आणि खिडकीबाहेर झाडांच्या शेंड्यांवर वसंत थरथरतो आहे, चिमण्या चिवचिवताहेत. मुलं गोंधळतात. तो गोंधळ घाईने मिटवू नका, कारण त्या बायकोच्या, लुईजच्या मनात जे उगवतंय, म्हणजे सुटकेची भावना, त्याची पहिली खूण तीच आहे. शर्ली जॅक्सनच्या 'द लॉटरी'त (1948) 27 जूनची लख्ख सकाळ, फुललेली फुलं आणि हिरवंगार गवत आहे, आणि शेवटी गावाच्या प्रथेप्रमाणे चिठ्ठी निघालेल्या बाईवर दगड. हवामान पात्राच्या बाजूने आहे की विरुद्ध, एवढं विचारलं तरी मुलं सूत्राबाहेर येतात.

7. निवेदकावरच विश्वास ठेवता येत नसेल तर त्याने केलेलं वर्णन पुरावा कसं मानायचं?

पुरावा मानायचा, फक्त तो त्याच्याविरुद्धचा. पोच्या 'टेल-टेल हार्ट'मधला (1843) निवेदक सतत बजावतो की मी वेडा नाही. दाखला काय देतो? आठ रात्री आपण किती शांतपणे म्हाताऱ्याच्या खोलीचं दार किलकिलं केलं, नुसतं डोकं आत घालायला कसा तासभर घेतला. वहीत दोन रकाने करा: तो स्वतःबद्दल काय म्हणतो, आणि तो काय करतो. रकाने भरत गेले की मुलांना वेगळं सांगावं लागत नाही.

अवघड भाग पुढे आहे. खून करून जमिनीच्या फळ्यांखाली लपवलेल्या म्हाताऱ्याच्या हृदयाचा तो आवाज स्थळाचा भाग आहे की पात्राचा? तो खोलीत आहे की डोक्यात? याचं एक ठाम उत्तर मी कधी लिहून देत नाही. पोलीस शांतपणे गप्पा मारत बसले आहेत, त्यांना काही ऐकू येत असल्याचं दिसत नाही, एवढी ओळ मात्र मुलांनी शोधायलाच हवी.

सगळे अविश्वसनीय निवेदक खुनी नसतात, हेही सांगा. 'काबुलीवाला'चे निवेदक, म्हणजे छोट्या मिनीचे वडील, खोटं बोलत नाहीत. त्यांना रहमत आधी अर्धाच दिसतो आणि तो कागद पाहिल्यावर पूर्ण दिसतो.

8. सपाट पात्र म्हणजे लेखकाला न जमलेलं पात्र का?

नाही. सपाट (एकाच गुणावर उभं) आणि बहुपेडी (अनेक बाजू असलेलं) ही विभागणी ई. एम. फॉर्स्टरने 1927 मध्ये कादंबरीबद्दल बोलताना केली, आणि त्यानेही सपाट पात्रांना कमी लेखलं नव्हतं. कथेत तर जागा कमी, त्यामुळे काही पात्रं सपाट असावीच लागतात. 'नेकलेस'मधली मादाम फोरेस्तिए पाहा. मातिल्दाने मेजवानीसाठी तिच्याकडून हार उसना आणलेला असतो, तो हरवतो, आणि नवरा-बायको कर्ज काढून तसाच दुसरा हार तिला देतात. हार परत मिळतो तेव्हा ती डबी उघडूनही बघत नाही. तिच्या मनात शिरून आपल्याला जरा जास्त कळलं असतं, तर हार खोटा होता हेही कळलं असतं आणि कथाच उरली नसती. 'हे पात्र सपाट का ठेवलं असेल?' असा प्रश्न विचारा. 'सपाट की बहुपेडी ते ओळखा' हा प्रश्न मला निरुपयोगी वाटतो.

9. मुख्य पात्रात बदल झालाच पाहिजे ना?

अशी सक्ती नाही. मातिल्दाच्या बाबतीत तर वर्ग हमखास दुभंगतो. दहा वर्षं कर्ज फेडताना तिचे हात लाल होतात, आवाज चढतो, ती पैशापैशासाठी घासाघीस करते. पण खिडकीशी बसली की तिला त्या रात्रीची मेजवानीच आठवते. बाहेरून पार बदलली, आतून किती? अशा वेळी कुणाचं मत धरायचं ते प्रश्न 14 मध्ये आहे.

10. कथेत वर्णनच नाही, नुसते संवाद आहेत. मग स्थळाबद्दल काय लिहायचं?

थोडं वर्णन असतं तेव्हा प्रत्येक ओळ जास्त वजनाची असते. हेमिंग्वेच्या 'हिल्स लाइक व्हाइट एलिफंट्स'मध्ये (1927) दोन रुळांच्या मध्ये असलेलं स्टेशन आहे आणि बार्सिलोनाहून यायला 40 मिनिटं असलेली गाडी, जी तिथे दोनच मिनिटं थांबेल. एका बाजूला सावली नाही, जमीन करपलेली. दुसऱ्या बाजूला नदीकाठी झाडं आणि पिकांची शेतं. संवाद कागदाने झाकून फक्त उरलेली वाक्यं वाचायला द्या. निर्णय, मुदत आणि दोन वाटा मुलांना त्यातच सापडतात. मग संवाद उघडा, आणि बोलणाऱ्या दोघांमधली मुलगी फलाटाच्या टोकाशी जाऊन कुठल्या बाजूला बघते ते विचारा.

एक सूचना: या कथेत नाव न घेता ज्याची चर्चा चालते तो गर्भपात आहे. मोठ्या वर्गांसाठीच ठेवा आणि आधी स्वतः वाचून ठरवा.

11. आम्ही कथा अनुवादातून वाचतो. विश्लेषण ग्राह्य धरलं जाईल का?

हो, एक पथ्य पाळून. वस्तू, कृती, प्रसंगांचा क्रम, कोण कुठे उभं आहे, हे अनुवादात शाबूत राहतं, त्यावर बिनधास्त लिहा. एखाद्या शब्दाच्या छटेवर किंवा वाक्याच्या लयीवर मुद्दा उभारू नका, कारण तो शब्द अनुवादकाचा असू शकतो.

चेकॉव्हची 1886 मधली स्लेजवाल्याची कथा मूळ रशियनमध्ये 'तोस्का' आहे. इंग्रजीत तिला कुणी 'मिझरी' म्हटलं, कुणी 'हार्टेक'. मराठीत काय म्हणाल? दुःख? व्यथा? तगमग? मी हे कथा वाचून झाल्यावर विचारते. मुलगा गमावलेल्या त्या स्लेजवाल्या योनाला नेमकं काय होतंय याचा इतका चांगला ऊहापोह दुसऱ्या कुठल्या प्रश्नाने झालेला मला आठवत नाही.

12. जुन्या कथांमधली माणसं आजच्या नजरेतून चूक वागतात. 'त्या काळी असंच होतं' एवढं सांगून पुढे जावं का?

ते वाक्य चर्चा बंद करतं, आणि पुष्कळदा ते खरंही नसतं. कथेतच दुसरा सूर असतो, तो शोधायला लावा. 'द लॉटरी'मध्ये काही गावांनी ही प्रथा सोडल्याचं एक बाई बोलून दाखवतात आणि म्हातारा वॉर्नर तो विषय उडवून लावतो. म्हणजे पर्याय त्यांना ऐकून माहीत होता.

तीन गोष्टी वेगळ्या लिहायला सांगा: पात्र काय करतं, कथेचा कल कुणीकडे आहे, आणि मला काय वाटतं. तिसरी गोष्ट दडपू नका, फक्त तिचा क्रम शेवटचा ठेवा. लुईजला 'स्वार्थी' म्हणणारा मुलगा पहिल्या दोन पायऱ्या चढून आला, तर त्याचं मत बदललेलं तरी असतं किंवा पक्कं तरी झालेलं असतं.

13. 'इथे निसर्ग हेच एक पात्र आहे' हे वाक्य प्रत्येक उत्तरपत्रिकेत असतं. गुण द्यावेत का?

पुढच्या वाक्यात कारण असेल तरच. पात्राला काहीतरी हवं असतं. जॅक लंडनच्या कथेतल्या थंडीला काहीच नको आहे, त्या माणसाची तिला दखलही नाही, आणि भीती नेमकी तिथेच आहे. तिला खलनायक ठरवलं की ती भीती निघून जाते.

14. दोन विद्यार्थ्यांची मतं विरुद्ध आहेत आणि दोघांकडेही ओळी आहेत. कोण बरोबर?

दोघंही बरोबर असू शकतात, पण सगळी मतं सारख्या वजनाची असतात असं मी मानत नाही. दोघांना विचारा, तुमचं मत टिकवायला कुठल्या ओळींकडे डोळेझाक करावी लागते? मातिल्दा पूर्ण बदलली म्हणणाऱ्याला ती खिडकी अडते. अजिबात बदलली नाही म्हणणाऱ्याला शेवटचा प्रसंग अडतो: ती स्वतःहून मैत्रिणीसमोर जाते आणि कर्जाची गोष्ट अभिमानाने सांगते. ज्याला कमी ओळी लपवाव्या लागतात त्याचं मत सध्या भक्कम. 'सध्या' हा शब्द मी आवर्जून वापरते.

15. उत्तर नेमकं कसं लिहावं? आणि इंटरनेटवरचा तयार सारांश उतरवला असेल तर कसं ओळखावं?

एक नमुना देते. अशक्त उत्तर: 'योना हा दुःखी आणि एकाकी स्लेजवाला आहे. बर्फामुळे वातावरण उदास झाले आहे.' यात चूक काही नाही, पण कथा न वाचताही हे लिहिता येतं.

सुधारलेलं: 'योनाच्या अंगावर बर्फ साचला आहे आणि तो झटकत नाही. अंगावर बर्फाचा ढिगारा कोसळला तरी तो झटकणार नाही असे निवेदक म्हणतो. मुलगा गेल्यापासून स्वतःच्या शरीराकडेही त्याचे लक्ष उरलेले नाही. तो भर शहरात, गर्दीच्या रस्त्यावर आहे, म्हणून त्याचे एकटेपण अधिक बोचते.' तपशील, त्यावरून काढलेला अर्थ आणि जागेशी जोड, सगळं चार वाक्यांत आलं. गुण देताना मी दुव्याला सर्वांत जास्त देते: 'म्हणून', 'तरीही', 'त्याऐवजी' हे शब्द बरोबर जागी आलेत का?

उतरवलेल्या सारांशात घटना सगळ्या असतात, पण टपालपेटी नसते, बंदूक नसते, फिका पडलेला चेहरा नसतो. अशा एका तपशिलावर दोन मिनिटं तोंडी बोलायला सांगा. ओरडण्यापेक्षा ते बरं.

16. माझ्याकडे एकच तास आहे. कुठली कथा घेऊ आणि काय करू?

चेकॉव्हची हीच कथा घ्या. लहान आहे आणि एका तासात बसते. पूर्ण वाचून दाखवा. मग योना मुलाच्या मृत्यूबद्दल कुणाकुणाला सांगू बघतो त्यांची यादी फळ्यावर करा: लष्करी अधिकारी, दंगा करणारे तीन तरुण, आवारातला रखवालदार, मुक्कामाच्या जागी पाण्याला उठलेला तरुण गाडीवान. प्रत्येकासमोर लिहा, तो त्या वेळी कुठे होता आणि कशाच्या घाईत होता. यादी भरत आली की मुलं आपणहून शेवटचं नाव सांगतात, घोडी. तिच्यासमोर लिहायला सांगा: तबेला, रात्र, घाई नाही. मग तो शेवटचा परिच्छेद वर्गातल्या एखाद्या मुलाला पुन्हा वाचायला द्या. घंटा होईपर्यंत वेळ उरला तर उरू द्या, त्यावर लगेच प्रश्न विचारू नका.